कलिंगड : उन्हाळ्याचं औषध की नुसतं गोड पाणी?

मोजूनमापून :
उन्हाळा लागला की कलिंगडाचे फायदे सांगणारे निरोप फिरायला लागतात. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं धुऊन निघतात, उष्माघात टळतो, वजन घटतं. फळाशी माझं काही वाकडं नाही, पण ही यादी फुगवलेली आहे. १०० ग्रॅम गरात साधारण ९१ ग्रॅम पाणी, ६ ग्रॅमच्या वर साखर, तंतू अर्धा ग्रॅमही नाही, क जीवनसत्त्व ८ मिलिग्रॅम. तेवढ्याच पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या पुढे जातं. मग याला औषध कशाच्या जोरावर म्हणायचं? विरोधात जरूर लिहा, पण आकड्यांसकट.

पथ्यकर :
असहमत. क जीवनसत्त्व हे कलिंगडाचं बलस्थान नाहीच, ते लायकोपीन आहे, म्हणजे गराला लाल रंग देणारं द्रव्य. लाल गरात १०० ग्रॅममागे साधारण साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे कच्च्या टोमॅटोपेक्षा जास्त. शिवाय टोमॅटोतलं लायकोपीन नीट शोषलं जायला तो शिजवावा लागतो, कलिंगडातलं न शिजवताही मिळतं. ते तेलात विरघळणारं आहे, त्यामुळे जेवणात थोडी स्निग्धता असेल तर उत्तम. पिवळ्या गराच्या जातींत मात्र ते जवळजवळ नसतं.
आणि १०० ग्रॅमला ३० कॅलरी. गोड खायची तलफ इतक्या स्वस्तात भागवणारी फळं फार नाहीत.

मोजूनमापून :
लायकोपीन मान्य. रक्तदाबाचं काय? तो दावा सिट्रुलिन या गरातल्या अमिनो आम्लावर उभा आहे. शरीर त्यापासून आर्जिनिन आणि पुढे नायट्रिक ऑक्साइड बनवतं, रक्तवाहिन्या सैलावतात. इथवर शास्त्र ठीक. पण प्रयोगांत बहुधा रोज काही ग्रॅम सिट्रुलिन पूरक म्हणून दिलेलं असतं. गरात ते १०० ग्रॅमला ढोबळमानाने २०० मिलिग्रॅम धरा, जातीनुसार कमीजास्त. ३ ग्रॅम हवं तर दीड किलो गर खा, आणि सोबत ९० ग्रॅमच्या वर साखर घ्या!

पथ्यकर :
रक्तदाबाची गोळी सोडून कलिंगड खा, असं कोणी शहाणा सांगणार नाही. तिथे तुमचंच बरोबर. सालीलगतच्या पांढऱ्या भागातही सिट्रुलिन असतं आणि साखर फार कमी, तो किसून वापरता येतो. पण त्यानेही गोळीची जागा भरत नाही.

एकच_फोड :
मधुमेह असलेल्यांना कलिंगड बंदच ना? ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचा आकडा) ७२ ते ७६ सांगतात.

पथ्यकर :
@एकच_फोड, हा आकडा ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेल्यावर काय होतं ते सांगतो. तेवढ्यासाठी साडेसहाशे ग्रॅमच्या वर गर खावा लागतो. १५० ग्रॅमच्या वाटीत कर्बोदकं ११ ग्रॅम, ग्लायसेमिक लोड (इंडेक्स गुणिले खाल्लेली कर्बोदकं, भागिले १००) साधारण ८, म्हणजे कमी गटात. साखर आटोक्यात असेल तर वाटीभर चालतं. एका दिवशी खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर मोजा, स्वतःचं उत्तर मिळेल. गाभ्याचा भाग सर्वांत गोड असतो, सालीकडे गोडी उतरत जाते, हेही ध्यानात ठेवा.

मोजूनमापून :
वाटीभर! अहो, कलिंगड वाटीने खातं कोण? तीन किलोचं फळ अर्धं संपवलं तर गर किलोच्या आसपास जातो. कर्बोदकं ७५ ग्रॅम, लोड ५० च्या वर, आणि २० च्या पुढे जास्त समजतात. कागदावरची वाटी आणि हातातली फोड यांत फरक आहे. रसाचं तर बोलायलाच नको.

पथ्यकर :
रसाबाबत लोक कारण चुकीचं देतात. गाळल्यावर तंतू जातात म्हणे. मुळात कलिंगडात तंतू होते किती? खरी गोष्ट अशी की चावून खाताना हात थांबतो, रस मात्र दोन घोटांत अर्धा किलो फळाचा पोटात जातो. वरून साखर घालणाऱ्यांना तर दंडवत.

घामाघूम :
उष्माघाताचा मुद्दा राहिला. पाणी भरपूर, पोटॅशियम १०० ग्रॅमला ११२ मिलिग्रॅम, सोडियम अवघं १. लिटरभर घामातून साधारण ग्रॅमभर सोडियम जाऊ शकतं (माणसागणिक बराच फरक). किलोभर कलिंगडातून परत मिळतं १० मिलिग्रॅम. उन्हात राबणाऱ्याने तहान भागवायला जरूर खावं, क्षार मात्र मीठ-साखरेच्या पाण्यातून किंवा जेवणातूनच भरून निघतात. चिमूटभर मीठ भुरभुरलं तर शंभरेक मिलिग्रॅम सोडियम मिळेल, एवढंच. आणि भोवळ, उलटी, बरळणं सुरू झालं तर फळ बाजूला ठेवून अंग गार करा आणि रुग्णालय गाठा.

मोजूनमापून :
+१. ‘मूत्रपिंडं धुऊन निघतात’ हे वाक्य तर धोक्याचं आहे. मूत्रपिंड विकार पुढे गेलेल्या रुग्णाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. किलोभर गरात ते ११०० मिलिग्रॅमवर जातं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. अशांनी डॉक्टरांनी आखून दिलेलं प्रमाणच पाळावं.

एकच_फोड :
वरून पाणी प्यायलं की पोट बिघडतं, हे तरी खरं ना?

स्वच्छसुरी :
पाण्यावर उगाच आळ आहे. एक कारण फ्रुक्टोज, म्हणजे फळातली एक साखर : कलिंगडात ते ग्लुकोजच्या साधारण दुप्पट असतं, आणि काहींना ते पचत नाही. गॅस, पोट फुगणं, पातळ शौच. प्रमाण निम्मं केल्यावर थांबलं तर कारण तेच.
दुसरं कारण जंतू. गराचा पीएच ५ च्या वर, म्हणजे आम्लता कमी, आंबट फळांसारखं संरक्षण नाही. फळ मातीवर लोळत वाढलेलं असतं. न धुता कापलं की सुरी सालीवरचे जंतू थेट गरात नेते. म्हणून आधी वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, मग धुतलेल्या सुरीने कापा. फोडी दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात, ५ अंशांखाली ठेवा. झाकण हवंच. तीन-चार दिवसांत संपवा. बुळबुळीत किंवा आंबूस लागलं तर टाका, वास गेला म्हणून जंतू गेले असं होत नाही. कापून उघड्यावर ठेवलेलं कलिंगड कितीही लाल दिसो, घेऊ नका.

पथ्यकर :
@स्वच्छसुरी, हे वरच्या सगळ्या वादापेक्षा कामाचं. निवडताना : जमिनीला टेकलेला डाग पांढुरका नको, लोण्यासारखा पिवळा हवा, आकाराच्या मानाने फळ जड हवं. तोडल्यावर कलिंगडाची गोडी वाढत नाही, तेव्हा कच्चं आणून ठेवण्यात अर्थ नाही.

मोजूनमापून :
पटलं. ‘औषध’ शब्दावर मात्र मी अजूनही अडून आहे.