बुरशी धरलेल्या नव्वदीतल्या रॉक कॅसेटी: कोणत्या वाचवायच्या, कशा?

बी_साइड_म्हापसा
चाळीसेक कॅसेटी आहेत, सगळ्या नव्वदीतल्या. निर्वाणाची 'नेव्हरमाइंड', पर्ल जॅमची 'टेन', गन्स एन रोझेसच्या 'यूज युअर इल्युजन'चे दोन्ही भाग, गोव्याच्या रेमोच्या दोन-तीन, शिवाय मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाच्या वेळी वॉकमनवर उतरवलेल्या दोन, नव्वद मिनिटांच्या. कपाट चिरेबंदी भिंतीला टेकून होतं. कॅसेटीच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशीची जाळी दिसते. एक टेप डेकने खाल्ली. धुवायच्या कशा आणि लॅपटॉपवर घ्यायच्या कशा?

टेपडेक_फोंडा
आधी डेक बंद करा. बुरशीची एक कॅसेट वाजली की बीजाणू हेडवर आणि रोलरवर बसतात, तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीत. आणि धुवायचं नाव काढू नका, टेपला ओलं काही लागता कामा नये.

मग वाटणी करा. 'नेव्हरमाइंड', 'टेन' बाजूला ठेवा, त्यांच्या सीड्या मिळतात आणि कॅसेटपेक्षा चांगल्याच वाजतात. ('टेन' घेताना १९९१चं मूळ मिक्स बघा. २००९च्या नव्या मिक्समध्ये तो घुमारा बराच काढून टाकलाय, मजा गेली.) रंगभवनच्या दोन टेपा मात्र दुकानात मिळायच्या नाहीत. मेहनत तिथे.

त्या दोन्हींच्या वरच्या कडेची प्लास्टिकची पाती आजच मोडा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं की संपलं. मग हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलबरोबर चार-पाच दिवस. उन्हात नको, कवच वाकतं.

साफसफाई एन-९५ मास्क लावून, कोरड्या दिवशी, बाल्कांवात (घराच्या ओसरीत). कॅसेट आडवी ठेवून पाच स्क्रू काढा, वरचं कवच सरळ उचला आणि आधी फोटो काढा. रोलर आणि पातळ पापुद्रे कुठे कसे बसतात ते नंतर आठवत नाही. हेडसमोरची फेल्टची इवली गादी बघा. आपल्याकडच्या दमटपणात तिचा गोंद सुटतो, टेप हेडला नीट टेकत नाही आणि झांजा गायब होतात. लोक उगाच हेडला दोष देतात. कोऱ्या कॅसेटीतली गादी काढून बसवा.

कवच बंद केल्यावर थोडी टेप बाहेर ओढा, बोटांत धरलेल्या कोरड्या मायक्रोफायबरच्या घडीतून ती जाऊ द्या आणि पेन्सिलीने रीळ फिरवत राहा. नव्वदच्या कॅसेटीत सुमारे १३० मीटर टेप असते, तेव्हा घाई नाही. ती साठच्या टेपेपेक्षा पातळ असते, ओढली की ताणते. थर चिकटल्यासारखा वाटला तर थांबा, परत डब्यात.

डेकने टेप खाल्ली म्हणजे बहुधा बेल्ट ढिला आहे. कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) टेप पुढे सोडत राहतो, पण गुंडाळणारं रीळ फिरत नाही, मग ती साठून रोलरला वेढे घेते. बेल्ट बदला, हेड आणि कॅपस्टन ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. फेणी नको, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी! पहिली चाचणी निवडणूक प्रचाराच्या कॅसेटीवर.

ड्रॉप_डी_डिचोली
वॉकमनचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड एकाच कोनात असेलच असं नाही. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद, आवाज मोनो (दोन्ही बाजू एकत्र), मग हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू हळूहळू फिरवा. पाव फेऱ्याच्या आतच काम होतं. झांजा सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा.

लॅपटॉपचं माइकचं भोक बहुतेक वेळा मोनो, म्हणून यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. ९० मिनिटांची वेव्ह फाइल दीड जीबीची होते.

वॉकमनचे सेल उतरत गेले असतील तर शेवटची गाणी आता वेगात आणि वरच्या सुरात ऐकू येतील. अल्बमशी ताडून बघा. गन्सची गाणी मुळातच अर्धा स्वर खाली लावलेली आहेत, हे मात्र लक्षात ठेवा.

हम_सासष्टी
@ड्रॉप_डी_डिचोली, इथेच घोटाळा होतो. रंगभवनच्या स्टेजवर गन्सचं गाणं दुसऱ्याच बँडने वाजवलेलं असणार, आणि त्यांनी गिटारी खाली उतरवल्या होत्या की नाही कुणास ठाऊक. त्यापेक्षा ॲम्पची घरघर शोधा, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती दुपटीला, १०० हर्ट्झवर असते. दोन गाण्यांच्या मधला तुकडा निवडून स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज, त्याचा आलेख) काढा. १०० हर्ट्झऐवजी १०४ ला टोक दिसलं तर टेप चार टक्के वेगात आहे, वेग ०.९६२ ने गुणा. एक रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत १०० वरच राहत असेल तर ती तुमच्या डेकची, तिला धरू नका. जी सरकत जाते ती टेपवरची. त्या काळी विजेचा ग्रिडही ५० वर स्थिर नसायचा, एक-दोन टक्के इकडेतिकडे चालवून घ्या. सेल हळूहळू उतरतात, म्हणून अख्ख्या फाइलला एकच आकडा लावू नका. गाण्यागणिक मोजा, किंवा ऑडॅसिटीतला टाइम ट्रॅक वापरा, त्यात वेग हळूहळू बदलता येतो.

बी_साइड_म्हापसा
देव बरें करूं! मेटॅलिकाच्या १९९१च्या काळ्या अल्बमची साठच्या कॅसेटवर केलेली नक्कलही आहे. तिच्यावर मेहनत घेऊ का?

टेपडेक_फोंडा
तो अल्बम साडेबासष्ट मिनिटांचा आहे, साठच्या कॅसेटवर बहुतेक कुठेतरी कापलेलाच असणार. कवच स्क्रूचं असेल तर आयसोप्रोपिलने पुसून, वाळवून रंगभवनच्या टेपेला द्या.