टीम सांभाळताना काय शिकलात? (अनुभव धागा)

परवा कोथरूडला एका लग्नात जुना ज्युनिअर भेटला. मठ्ठ्याची वाटी हातात घेऊन म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरचं रिलीज फुटलं तरी तुम्हाला जेवणाआधी सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं." मी हसलो, पण पुढची जिलबी काही गोड लागली नाही. चार वर्षं मी स्वतःला मोकळाढाकळा लीड समजत होतो!

ज्यांनी टीम सांभाळली आहे त्यांनी लिहा. घडलेलंच लिहा, ट्रेनिंगमधल्या स्लाइड नकोत. कंपनीचं नाव टाळा.

चाकणकर:
माझ्याकडे कारखान्यात तिसऱ्या पाळीत रिजेक्शन, म्हणजे नापास माल, शून्य यायचं. सकाळी चार्ज घेताना मला बरं वाटायचं. खरं तर संशय यायला हवा होता. एकदा चुऱ्याची ट्रॉली उपसताना तळाशी सतरा पिना सापडल्या, सगळ्या ओव्हरसाइज. एरवी मी अख्ख्या पाळीला फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी ऑपरेटरला बाजूला नेलं, चहा मागवला आणि एवढंच विचारलं, किती वाजल्यापासून साइज पळतो? म्हणाला, तीननंतर. इन्सर्ट (मशीनमधलं कापायचं बदलतं पातं) झिजलेला असतो, पण नव्यासाठी स्लिपवर सही लागते, आणि रात्री सही करायला असतं कोण? टोयोटात साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे आम्हाला शिकवलेलं. दोरी सोडा, पोराला इन्सर्ट मिळत नव्हता. मी दोन बॉक्स लाइनवरच ठेवले, स्लिप सकाळी. पुढच्या महिन्यात नोंदलेलं रिजेक्शन वाढलं आणि वरून मीच बोलणी खाल्ली.

वॉर्डातली सिस्टर:
@चाकणकर, ओळखीचं वाटलं. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तर चांगल्या टीमच्या वॉर्डांत नोंदी जास्त निघाल्या. तिथे सांगायची भीती कमी होती. मी इन्चार्ज आहे. पाळी बदलताना आधी माझीच एखादी चूक सांगते. पहिले पंधरा दिवस पोरी जमिनीकडे बघत राहायच्या. मग एकीने तोंड उघडलं: दोन औषधांच्या अँप्युल्स सारख्याच दिसतात, काल चुकता चुकता राहिले. आता त्या वेगवेगळ्या ट्रेमध्ये असतात.

तिरकस:
आमच्याकडे 'आपण सगळे एक फॅमिली'. फॅक्टरीत जादा तासांना कायद्याने दुप्पट दर, फॅमिलीला शनिवारी पिझ्झा. चालू द्या.

खराडी बायपास:
रेट्रोत, म्हणजे झालेल्या कामावर मागे वळून बघायच्या मीटिंगमध्ये, मी आधी बोलायचे, मग सगळे माना डोलवायचे. आता सगळ्यात नवीन माणूस आधी आणि मी शेवटी. जड जातं हो! गप्प बसवत नाही म्हणून टेबलाखाली पेनाचं टोपण उघडते-लावते. एका मुलाने तीनदा विचारलं, मॅडम, कुठली क्वेरी (डेटाबेसमधून माहिती मागणारी ओळ) बदलू? मी म्हटलं, तुला काय वाटतं? वैतागला. दुपारी येऊन म्हणाला, क्वेरी ठीक आहे, इंडेक्सच (माहिती पटकन सापडायची सूची) नाहीये. माझ्या डोक्यातलं उत्तर चुकीचं होतं. दर वेळी असं जमत नाही. प्रॉडक्शन बंद पडलेलं असेल तेव्हा असले प्रश्न विचारत नाही, सरळ सांगून मोकळी होते.

चाकणकर:
@तिरकस, तुम्हाला पिझ्झा तरी मिळतो. माझं पुढचं सांगतो. साहेबांना त्या सतरा पिना नेऊन दाखवल्या, तेव्हा कुठे सहीची अट गेली. रविवारी मात्र स्टोअर बंदच. म्हणून शनिवारी निघताना इन्सर्ट मोजून ठेवावे लागतात.