वॅगन-आरची मागची सीट काढून भजनाचे साहित्य नेता येईल का?

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाची पेटी, दोन पखवाज आणि दोन मोठे स्पीकर माझ्या जुन्या वॅगन-आरमधून न्यावे लागतात. मागच्या सीटची पाठ दुमडली तरी ती तिरकी राहते आणि डिकीपाशी पायरी तयार होते, त्यामुळे चढाला लागले की स्पीकर मागच्या दाराकडे घसरतात. सीटच काढली तर तळ सपाट मिळेल का? आरटीओची अडचण येईल का? गाडी खाजगी नोंदणीची असून साहित्य मंडळाचेच आहे.

उत्तर १: संपूर्ण सीट काढण्याची गरज बहुधा पडणार नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत बैठक आणि पाठ वेगवेगळी असते. बैठक पुढच्या कडेला क्लिपांनी किंवा बोल्टांनी धरलेली असते. ती तेवढी काढली की पाठ खाली जाऊन बरीच आडवी बसते. सीटखाली वायरचा कनेक्टर दिसला, तर इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवल्यावरच त्याला हात लावावा. अनेक गाड्यांत बैठकीखालीच पेट्रोल पंपाचे झाकण असते, तेव्हा त्यावर प्लायवूड टाकल्याशिवाय स्पीकरचे टोकदार कोपरे टेकवू नयेत. बोल्ट मात्र डबीत घालून, कोणता कुठला ते लिहून ठेवा, कारण परत बसवताना सगळा वेळ तिथेच जातो.

उत्तर २: कायद्याची बाजूही पाहावी. आरसीवर आसनक्षमता नोंदलेली असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून सीट कायमची काढून तिथे फळ्या ठोकण्याच्या फंदात पडू नये. कार्यक्रमापुरती बैठक काढून परत बसवणे मला त्यातल्या त्यात बरे वाटते, तरी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीच्या तपासणीला सीट जागेवर हवीच.

उत्तर ३: घसरण्यापेक्षा अचानक ब्रेक लागण्याची भीती अधिक आहे. उभी पाठ सामानाला अडवते. ती आडवी झाली की वीस किलोचा स्पीकर आणि तुमचे डोके यांच्यात पुढच्या सीटची पाठ तेवढी उरते. स्पीकर पुढच्या सीटला टेकवून तळाशी ठेवा, पखवाज वर, आणि सगळ्यावरून रॅचेटचा (खटक्याने घट्ट आवळता येणारा) पट्टा ताणून घ्या. पट्टा प्लॅस्टिकच्या हुकांना नव्हे, तर मागच्या सीटबेल्टचे बकल ज्या बोल्टने जमिनीला जोडलेले असते तिथे आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) लावून अडकवा. बकल पुन्हा बसवताना ते मूळ बोल्टनेच घट्ट करावा.

प्रश्नकर्ता: बैठक वर उचलून पाहिली, पुढच्या कडेला दोनच बोल्ट आहेत. पाठ जागच्या जागी ठेवतो. विमा कंपनीला आजच पत्र लिहितो, आणि उत्तर येईपर्यंत स्पीकर मंडळातल्या एकाच्या टेम्पोतून जातील.