मदत हवी आहे: ‘डेटनेट’ या स्वच्छता-उत्पादन उद्योगाच्या माहितीसंचात सहभागी होण्याबाबत

नमस्कार. नेदरलँड्समधील एका लहान स्वच्छता-उत्पादन कंपनीत धोका-वर्गीकरणाचे काम माझ्याकडे आहे. युरोपीय संघाच्या १२७२/२००८ क्रमांकाच्या सीएलपी नियमावलीतील (रसायनांचे वर्गीकरण, लेबल आणि पॅकिंग यांचे नियम) सर्वसाधारण गणनेनुसार डोळ्यांना गंभीर इजा करणाऱ्या घटकांची बेरीज ३ टक्के किंवा अधिक झाली, की संपूर्ण मिश्रण त्याच वर्गात जाते. काही घटकांसाठी ठरवलेल्या स्वतंत्र प्रमाण-मर्यादा धरूनही आमच्या भांडी घासण्याच्या साध्या लिक्विडवर हात आणि धातू खाणाऱ्या थेंबांचे चित्र छापावे लागते. तुंबलेली मोरी मोकळी करणाऱ्या तीव्र क्षाराच्या बाटलीवरही तेच चित्र असते, मग ग्राहकाने फरक ओळखायचा कसा?

‘ए.आय.एस.ई.’ या ब्रसेल्समधील उद्योगसंघटनेच्या ‘डेटनेट’ या सामायिक माहितीसंचात चाचणी झालेल्या मिश्रणांशी तुलना करून आणि तज्ज्ञांच्या निर्णयाचा आधार घेऊन त्वचा व डोळ्यांसंबंधीचे वर्गीकरण ठरवता येते. प्राण्यांवर नव्या चाचण्या टाळण्याचा हा मार्ग मला पटतो.

येथे कोणी सदस्य कंपनीत काम करत असल्यास कृपया सांगावे: स्वतःची चाचणी-माहिती नसलेल्या लहान कंपनीला प्रत्यक्षात किती उपयोग होतो? आमच्या द्रवात सुगंध आणि अम्लतेचा स्तर वेगळा असेल, तर तुलना कितपत टिकते? आमच्या मिश्रणाचे सूत्र स्पर्धकांपासून गुप्त राहते का? (व्यवस्थापनाची खरी धास्ती हीच आहे.) तपासणी अधिकाऱ्याने वर्गीकरणाचे समर्थन मागितल्यास कोणती कागदपत्रे पुरेशी ठरली, हेही कळल्यास आभारी राहीन.