सोफ्याचे पाय बदलावेत की सोफाच? (बजेट १५ हजार)

मीनल_ठाकुर्ली: ऑनलाइन घेतलेला तीन सीटर सोफा आहे, चार वर्षं झाली. पाय दोन इंची, काळ्या प्लास्टिकचे. बसायची उंची जेमतेम १५ इंच. आईचे गुडघे दुखतात, उठताना हात द्यावा लागतो. खाली केरसुणीही जात नाही. पाच इंची लाकडी पाय लावू की नवीन घेऊ? १५ हजारांवर एक रुपया नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

नुस्ता_वैताग: १५ हजारात सोफा नाही, सोफ्याचा फोटो येतो. आम्ही सागवानी करून घेतला, ६२ हजार. नातवंडं वापरतील.

टवाळ: नातवंडांना विचारलंत का?

सुतारपक्षी: पायच बदला. आधी सोफा उलटा करून एक पाय काढा आणि आटे बघा. बऱ्याच तयार पायांना ८ एमएमचा बोल्ट असतो, काहींना ५/१६ इंची. डोळ्यांना दोन्ही सारखेच. दोन फेरे जातात, मग अडकतात. जोर लावलात तर आतला टी-नट (लाकडात ठोकलेला, बोल्ट धरणारा नट) गरगर फिरत बसतो. जुना पाय पिशवीत टाकूनच दुकानात जा.

पेठकर: रविवार पेठेत बोहरी आळी. पाय, बोल्ट, बूच, सगळं एका गल्लीत.

टवाळ: ठाकुर्लीहून पुण्याला? पाय आणायला?

पेठकर: मिळतं कुठे ते सांगितलं. जायचा आग्रह नाही.

गोडबोली: तुर्भ्याला आयकियात बसून तरी बघा. आम्ही चारदा गेलो. सोफा नाही घेतला, पण बरण्या छान मिळाल्या.

चहात_बिस्कीट: माझं ऐका. मी चार कोपऱ्यांना लांब पाय लावले, मधला पाचवा विसरलो. तो हवेत. दिवाळीत तिघे मेव्हणे ओळीने बसले आणि मधली पट्टी कडकन मोडली. अजून टोमणे खातोय.

सुतारपक्षी: +१. आणि तळाला भुशाचं बोर्ड असेल तर लांब पाय नकोच. सोफा सरकवला की पाय बोर्डासकट उपटून येतो. लाकडी पट्टी असेल तरच, तेही चार स्क्रूची पट्टी लावून.

ऋतुजा_के: सीट दबलीय का? ४० डेन्सिटीचा (दाट) फोम घातलात तर इंचभर तिथेच मिळेल.

नुस्ता_वैताग: सागवानाला दबणं वगैरे नसतं.

ऋतुजा_के: काका, फोम दबतो. लाकूड नाही.

नवा_गडी: पूर्ण धागा वाचला नाही, पण आटे तपासा.

मीनल_ठाकुर्ली: सगळ्यांचे आभार. काल सोफा उलटा केला. खाली भुशाचंच बोर्ड. आई बघत होती. म्हणाली, "मला ती दारामागची हातांची खुर्ची दे, सोफा राहू दे तुम्हाला लोळायला." खुर्ची मोजली तर बरोब्बर १८ इंच. पातळ उशी घातली, झालं. सोफ्याखाली रिमोटचं झाकण सापडलं, रिमोट तीन वर्षांपूर्वीच टाकलाय.

नुस्ता_वैताग: मग १५ हजार शिल्लक आहेत ना? आमच्या सुताराला विचारू का?