नवऱ्याच्या कंपनीत यंदा एचएसएवाला प्लॅन आलाय. घ्यावा का? (मुलाला दमा आहे)

एडिसनची_सूनबाई

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसन, न्यू जर्सीला. नवऱ्याच्या कंपनीत २०२६ चा इन्शुरन्स निवडायची मुदत शुक्रवारी संपते आणि गेले चार दिवस आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही. आजवर पीपीओ (जास्त हप्त्याचा, पण आजारपणात खिशातून कमी जाणारा नेहमीचा प्लॅन) होता, डोळे झाकून तोच घेत आलो. यंदा कंपनीने जास्त डिडक्टिबलचा प्लॅन (म्हणजे वर्षाचा पहिला ठरावीक खर्च आपल्या खिशातून, मग इन्शुरन्स) आणि त्याच्या जोडीला एचएसए (औषधपाण्यासाठी टॅक्सआधीचे पैसे साठवायचं खातं) असा दुसरा पर्याय दिलाय. नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे म्हणतात, "घे रे, टॅक्स वाचतो." हे सगळे म्हणजे पंचविशीतली, एकटी राहणारी मुलं. त्यांना वर्षातून एकदा सर्दी होते.

आकडे सांगते. पीपीओला दर दोन आठवड्यांच्या पगारातून १९८ डॉलर कापले जातील, म्हणजे वर्षाला ५,१४८. डिडक्टिबल सगळ्या घराचं ८००, जास्तीत जास्त खिशातून ५,०००. दुसऱ्याला १२४ कापले जातील, वर्षाला ३,२२४. डिडक्टिबल ४,०००, जास्तीत जास्त ९,०००. डिडक्टिबलनंतर दोन्हीकडे आपला वाटा २० टक्के. एचएसएत कंपनी १,००० डॉलर टाकणार आहे.

घरात आम्ही तिघं. नवऱ्याला काही नाही. मला थायरॉइडची रोजची गोळी. लेक सात वर्षांचा, त्याला दमा आहे. रोजचा एक इनहेलर आणि धाप लागली की घ्यायचा निळा वेगळा. यंदाचे सगळे ईओबी, म्हणजे इन्शुरन्सकडून येणारे खर्चाच्या तपशिलाचे कागद, काढून मी बेरीज केली (हो, मी ते फाइल करून ठेवते, हसू नका). इन्शुरन्सने मान्य केलेल्या दराने एकूण खर्च साधारण ३,१०० डॉलर झाला. त्यातले आमच्या खिशातून कोपे (दर भेटीला किंवा औषधाला द्यायची ठरावीक रक्कम) धरून फक्त ६९० गेले. तेही माझ्या शाळेच्या नोकरीतल्या एफएसएमधून (पगारातून टॅक्सआधी कापलेल्या पैशांचं, त्या वर्षापुरतं औषधपाण्याचं खातं) दिले.

मला कळत नाही ते हे, की दम्याचं मूल असलेल्या घराने या वाटेला जावं का? आणि आणखी एक. मे महिन्यात सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत. सासूबाईंच्या दाताचं काम इथे निघालं तर ते एचएसएतून होईल का?

ह्यूस्टनचा_हिशेबनीस

ताई, ईओबी फाइल करणाऱ्या बाईला कोण हसेल? उलट तुमच्यामुळे हिशेब करता येतोय. नाहीतर इथे लोक नुसतं "आमचा खर्च नॉर्मल आहे" असं लिहितात.

यंदाचाच खर्च पुढच्या वर्षी झाला असं धरू. पीपीओत ५,१४८ अधिक ६९०, म्हणजे ५,८३८. दुसऱ्यात ३,२२४ अधिक ३,१००, त्यातून कंपनीचे १,००० वजा, म्हणजे ५,३२४. नवा प्लॅन ५१४ डॉलरने स्वस्त. सगळे ठणठणीत राहिले तर तीन हजारांच्या आसपास फायदा. देव न करो, पण मोठं ऑपरेशन झालं आणि दोन्हीकडे कमाल गाठली, तर पीपीओ १०,१४८ आणि दुसरा ११,२२४. तोटा १,०७६. माझ्या गणिताने मान्य खर्च साडेतेवीस हजारांच्या वर गेला तरच नवा प्लॅन महाग पडतो.

आता टॅक्स. ऑफिसातली मुलं म्हणतात ते तुमच्या बाबतीत निम्मंच खरं आहे. प्रीमियम पगारातून टॅक्सआधी कापला जातो, दोन्ही प्लॅनचा. कोपे तुम्ही एफएसएतून देताय, तेही टॅक्सआधीचेच पैसे. म्हणजे जे खर्च होणार आहे त्यावरची सवलत तुम्हाला आजही मिळतेच आहे. त्या ५१४ चे २२ टक्के फेडरल आणि ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर वजा जाता हातात साडेतीनशेच्या आसपास उरतात. एवढ्यासाठी घरात चार दिवस वाद घालू नये.

खरा फरक आहे तो खर्च न झालेल्या पैशांचा. एफएसएतलं उरलेलं बहुतेक बुडतं, एचएसएतलं राहतं. नोकरी बदला, कंपनी बुडू दे, खातं तुमचं. २०२६ मध्ये कुटुंबासाठी कंपनीचे धरून ८,७५० पर्यंत टाकता येतात. ते गुंतवता येतात, वाढीवर फेडरल टॅक्स नाही आणि औषधपाण्यासाठी काढले तर काढतानाही नाही. ६५ च्या आधी भलत्या कामाला काढले तर टॅक्स अधिक २० टक्के दंड. ६५ नंतर दंड जातो, टॅक्स राहतो. पण तुमच्या न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात राज्य सरकार ही सवलत मानत नाही, स्टेट रिटर्नमध्ये ते पैसे उत्पन्नात धरले जातात. आमच्या टेक्ससमध्ये हा प्रश्नच नाही, इथे स्टेट इन्कम टॅक्सच नाही. त्याच्या मोबदल्यात ऑगस्टचं ऊन आहे.

आणि ताई, तुमची एफएसए. ही गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण सगळ्यात महत्त्वाची तीच. बायकोची साधी हेल्थकेअर एफएसए नवऱ्याच्या औषधांनाही चालते, म्हणून ती असेल तर नवऱ्याला एचएसएत पैसे टाकायला बंदी आहे. शाळेत २०२६ ची एफएसए घेऊ नका, किंवा फक्त दात-डोळ्यांपुरती मर्यादित असते ती मिळते का बघा. डे-केअरची एफएसए वेगळी, ती चालते. यंदाची शिल्लक ३१ डिसेंबरला शून्य करा. चार डॉलर जरी पुढच्या वर्षात सरकले तरी भानगड होते.

नेपरविलची_मावशी

वरच्या भाऊंचा हिशेब बरोबर आहे. आमच्या यांनीही असाच हिशेब केला होता, एक्सेलमध्ये, रंग भरून.

अगं, मी तुला फेब्रुवारीची गोष्ट सांगते. आमचं त्या प्लॅनवरचं पहिलंच वर्ष. वाचलेला प्रीमियम एचएसएत टाकायचा असं ठरलं होतं. पण जानेवारीत गाडीचे टायर बदलावे लागले आणि "पुढच्या महिन्यापासून टाकू" असं झालं. खात्यात २५० डॉलर. रात्री साडेदहाला धाकटी बंक बेडवरून पडली, मनगट सुजलं. पीपीओ असता तर मी कोट चढवून गाडीत बसले असते. त्या रात्री मी बर्फ लावत स्वयंपाकघरात उभी राहिले आणि डोक्यात काय, तर इमर्जन्सीत गेलो तर सगळं आपल्याच खिशातून. अर्जंट केअर सकाळी आठला उघडतं, तोवर थांबू का? चाळीस मिनिटं मी हा विचार केला. पोर रडत होती आणि मी हिशेब करत होते. शेवटी गेलो. फ्रॅक्चर निघालं. बिल १,८६० डॉलर, सगळं डिडक्टिबलमध्ये. पैसे दिले गेले, विसरलेही गेले. ती चाळीस मिनिटं मात्र मला आजही आठवतात.

तुझ्या घरात तर दमा आहे. धाप लागलेल्या पोरासमोर बेरीज करत बसायची वेळ येऊ देऊ नकोस. जानेवारीतच खात्यात डिडक्टिबलच्या निम्मे तरी असतील, असं तुम्हा दोघांना छातीवर हात ठेवून म्हणता येत असेल तर घे. नाहीतर वर्षाला पाचशे जास्त गेले तरी पीपीओ बरा, ती झोपेची किंमत समज.

आणखी एक. हे डिडक्टिबल माणशी असेलच असं नाही, आमच्याकडे पूर्ण घराचं एकच होतं. तसं असेल तर एकट्या मुलाच्या बिलाने अख्खे ४,००० भरेपर्यंत इन्शुरन्स हात लावत नाही. तुमच्या कागदात कसं आहे ते नीट बघ.

परतीच्या_वाटेवर

मावशींचं पटतं. दुसरी बाजूही सांगतो. २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. एच-१बी या कामाच्या व्हिसावर नवी नोकरी शोधायला साठ दिवस हातात, बायको सात महिन्यांची गरोदर. जुना इन्शुरन्स कोब्राखाली (नोकरी सुटल्यावर हप्ता स्वतः भरून तोच इन्शुरन्स ठेवायची कायद्याची सोय) चालू ठेवायचा तर महिन्याला २,१८० डॉलर. एरवी एचएसएतून प्रीमियम भरता येत नाही, पण कोब्राचा भरता येतो. आधीच्या पाच वर्षांत साठलेल्या पैशांतून दोन महिने भरले, तिसऱ्यात नवी नोकरी लागली. व्हिसावरच्या माणसाने हे खातं टॅक्सपेक्षा या नजरेने बघावं असं माझं मत.

सासूबाईंच्या दाताचं: नाही. हे पैसे तुम्ही, जोडीदार आणि टॅक्स रिटर्नवरचे अवलंबित यांच्यासाठीच. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील साधारणपणे त्यात बसत नाहीत. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्सही यातून नाही. उलट बाजूने मात्र चालतं. तुम्ही सांगलीला गेलात आणि *तुमचं* रूट कॅनाल तिथे केलंत तर तो खर्च धरता येतो, पावती तेवढी नाव-तारखेची घ्या. तिथून पिशवीभर औषधं आणाल तर ती नाही धरता येत.

मी दोन वर्षांत पुण्याला परतणार आहे. खातं इथेच राहील. मात्र भारतात पूर्ण रहिवासी ठरलो की जगभरचं उत्पन्न तिथे करपात्र होतं आणि हे खातं रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावं लागतं. परतायचा विचार असेल तर आताच कानावर असू द्या.

ह्यूस्टनचा_हिशेबनीस

मावशी, ती चाळीस मिनिटं माझ्या तक्त्यात बसत नाहीत, मान्य.

दम्याबद्दल एक राहिलं. आयआरएसने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, २०१९ मध्ये अशा प्लॅनना काही जुनाट आजारांची औषधं डिडक्टिबलच्या आधीच द्यायला परवानगी दिली. दम्यासाठी त्यात रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर आणि पीक फ्लो मीटर आहे. धाप लागल्यावरचा निळा त्या यादीत नाही. आणि ही परवानगी आहे, सक्ती नाही. एचआरला "प्रिव्हेंटिव्ह औषधांची यादी" असंच विचारा आणि इनहेलरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. वार्षिक तपासणी आणि लसी दोन्ही प्लॅनमध्ये फुकट.

एडिसनची_सूनबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एफएसएचं कोणी बोललं नसतं तर आम्ही सरळ खड्ड्यात गेलो असतो, कारण शाळेचा फॉर्म मी सोमवारीच भरला होता. आज फोन करून रद्द करवला.

नवऱ्याने एचआरला विचारलं. लेकाचा रोजचा इनहेलर यादीत आहे, २५ डॉलर कोपे, डिडक्टिबल न भरता. डिडक्टिबल मावशी म्हणाल्या तसंच, अख्ख्या घराचं एक. आणि कंपनीचे १,००० एकदम येत नाहीत! दर तिमाहीला २५०. हे रंगीत पत्रकात कुठेही नव्हतं, तळटीपेत होतं.

काल रात्री मावशींचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. मागच्या डिसेंबरात आम्हीही लेकाला घेऊन रात्री दोनला धावलो होतो, तेव्हा बिलाचा विचार मनात आला नव्हता, ते त्याला आठवलं असणार. मग म्हणाला, पहिल्या चार पगारांतून ५०० प्रमाणे कापू, फेब्रुवारीअखेर कंपनीचे धरून सव्वादोन हजार होतील, नंतर रक्कम कमी करू. ती मध्येच बदलता येते हे त्याने विचारून घेतलंय. त्या आधीच काही झालं तर क्रेडिट कार्डावर भरायचं आणि खात्यात जमले की काढून घ्यायचे. त्यासाठी खातं खर्चाच्या तारखेआधी उघडलेलं हवं, म्हणून १ जानेवारीचं क्लिक करायचं काम माझ्याकडे आलंय. मी अट घातली: रात्री डॉक्टरकडे जायचं की नाही हे मी ठरवणार आणि त्या वेळी त्याने "डिडक्टिबल" हा शब्द उच्चारायचा नाही. कबूल झाला. फॉर्म भरला.

सासूबाईंना फोनवर सांगितलं की दाताचं तिकडेच उरकून या. त्या म्हणाल्या, "ते मी ठरवलंच होतं, तुमच्याकडे दात दाखवायला गेलं की घर विकावं लागतं."

आता माझ्या एफएसएतले २१२ डॉलर ३१ तारखेच्या आत संपवायचेत. चष्म्याच्या दुकानाची शनिवारची सकाळची वेळ घेतली. नवरा म्हणाला, तुला कुठे चष्मा लागतो? म्हटलं, तुला लागतो. तळटीप वाचायला.