प्रशांत तमांगची मतं आणि आपली मतं

सुरेल
रिॲलिटी शोमधलं मतदान बंदच करा. २००७ च्या 'इंडियन आयडॉल'मध्ये शिलाँगचा अमित पॉल उघड उघड सरस होता, तरी दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगला त्याच्या लोकांनी एसेमेसचा पाऊस पाडून जिंकवलं. पहाडी, ईशान्येकडची मंडळी गाणं ऐकत नाहीत, चेहरा बघून मत देतात. निकाल परीक्षकांवर सोडा.

रानवारा
'चेहरा बघून' वाचून राहवलं नाही. २००५ मध्ये पहिल्या 'इंडियन आयडॉल'मध्ये अभिजीत सावंतला मतं देताना आपण काय ताना मोजत होतो? आमच्या घरात ज्यांनी एकही भाग पाहिला नव्हता त्यांच्याही मोबाइलवरून मतं गेली. 'आपला पोरगा', बस्स! तो आपला अभिमान, आणि दार्जिलिंगच्या नेपाळीभाषक गोरख्यांनी तेच केलं की संकुचितपणा? आपली माणसं आपल्याला पडद्यावर रोज दिसतात. गोरख्यांना राखणदार सोडून कुठल्या भूमिकेत पाहिलंत? तमांग जिंकल्यावर दिल्लीचा एक रेडिओ जॉकी तेच बोलला: नेपाळी गायला लागले तर राखण कोण करणार!

आणि निष्ठा चेतवतं कोण? वाहिनीच. स्पर्धकाला गावी न्यायचं, मिरवणूक दाखवायची, आईच्या डोळ्यांतलं पाणी दाखवायचं आणि लगेच खाली एसेमेसचा नंबर.

सुरेल
अभिजीत गायचा तरी! आणि २००७ मध्येच ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीवर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली. तिथल्या प्रेक्षकांनी हजारोंनी तक्रारी केल्या, वर ६३ टक्के मतं देऊन तिलाच जिंकवलं. याला म्हणतात प्रगल्भ प्रेक्षक.

रानवारा
म्हणजे मतदानानेच न्याय झाला ना? मग ते बंद कशाला करायचं?

तिस्ताकाठ
तुम्ही दोघेही गाण्यात अडकलात. मी तेव्हा दार्जिलिंगच्या पायथ्याच्या सिलिगुडीत नोकरीला होतो. त्या जॉकीच्या वाक्यावरून शहर पेटलं, हिल कार्ट रोडवर धडाधड शटर पडली, लष्कर आलं. त्याआधी पहाडात तमांगला मतं देण्यासाठी वर्गण्या निघत होत्या, त्यात तिथले नेते बिमल गुरुंग पुढे होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'गोरखा जनमुक्ती मोर्चा' हा पक्ष काढला आणि पहाडातले जुने नेते सुभाष घिसिंग यांची सद्दी संपली. तमांगच्या मतांमागे गोरखालँडची, म्हणजे गोरख्यांच्या वेगळ्या राज्याच्या मागणीची, जुनी जखम होती. ज्यांनी संचारबंदीत पोरांसाठी दूध शोधलेलं नाही, त्यांनी 'प्रगल्भ प्रेक्षक' शिकवू नये.

सुरेल
तुम्ही तिथे राहिलात म्हणून तुम्हीच शहाणे का? म्हणजे ते मत राजकीय होतं, गाण्याला नव्हतं. मी वेगळं काय म्हणालो?

तिस्ताकाठ
'चेहरा' म्हणालात! अमित पॉल बंगाली. मेघालयात तिथले मूळचे खासी आणि बंगाली यांची तेढ किती जुनी, १९७९ च्या दंगली आठवा. तरीही खासी पोरं त्याच्यासाठी रस्त्यावर उतरली. कुठला चेहरा बघून?

रानवारा
आणि २००९ ला 'इंडियन आयडॉल' त्रिपुराची सौरभी देबबर्मा जिंकली. एवढ्याशा राज्याच्या मतांवर? परीक्षकांवर सोडा म्हणता, पण २०२१ मध्ये 'डान्स दीवाने'त सूत्रसंचालकाने आसामच्या लहान मुलीची ओळख 'मोमो', 'चायनीज' करत करून दिली, तेव्हा मंचावर कुणी थांबवलं? त्या मंचावर भरवसा ठेवू?

सुरेल
शिलाँगचं उदाहरण बिनतोड आहे, तेवढं मानतो. पण एकाच फोनवरून हवी तितकी मतं तेव्हा देता यायची, त्याला मतदान म्हणायला मी तयार नाही. ज्याच्यामागे वर्गणी मोठी, तो गायक मोठा?

रानवारा
हे पहिल्यांदाच लिहिलं असतंत तर मी भांडलेच नसते. एका नंबराला एकच मत, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण 'पहाडी मंडळी' हे वाक्य अजून वर तसंच आहे. ते काढा.